भाद्रपद शुद्ध पंचमीची सभा

"दोन संचालकांचं एक वकीलपत्र घ्यायचं नाही, राजमती. आणि एकाच घरातले असले तर मुळीच नाही."

हे सांगताना सोहनीसाहेब टेबलावरची टाचण्यांची डबी उगाच इकडून तिकडे सरकवत. "कंपनी चालू असते तोवर सगळे एका ताटात जेवतात. बुडाली की प्रत्येकाला आपला घास वेगळा आठवतो. तेव्हा तू कोणाच्या बाजूनं बोलणार?"

मी मान हलवली होती. सात वर्षं त्यांच्या हाताखाली मी मान हलवण्याचंच काम जास्त केलं. आणि ते वाईला मुलाकडे राहायला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, फाल्गुनातल्या एका सकाळी, भूपालअण्णा बिरनाळे आणि त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाच्या, शीतलच्या, पत्नी कुसुमकाकू सांगलीतल्या माझ्या ऑफिसात समोरासमोर बसले होते आणि मी एकाच वकीलपत्रावर दोघांना सह्यांच्या जागा दाखवत होते.

"इथं कर, कुसुम," अण्णा म्हणाले. "खाली. माझ्या नावाखाली."

कुसुमकाकूंनी पदर सावरून सही केली. वाचलं नाही. सवयीचा हात होता, सही करून कागद लगेच अण्णांकडे सरकवणारा.

"तुझ्याकडं का आलो, विचार की," अण्णा मला म्हणाले. "मुंबईचे दोन वकील सुचवले होते लोकांनी. म्हटलं, मुंबईचा वकील बोलेल भरपूर. आपली राजमती कमी बोलते. न्यायाधीशाला ऐकायला कान पुढं करावा लागतो, मग तो नीट ऐकतो."

मी हसले. माझा आवाज लहान आहे, हे खरं. कोर्टात मला अजूनही "जरा मोठ्यानं" असं सांगतात. अण्णांनी मला परकर-पोलक्यात असल्यापासून पाहिलेलं होतं. माझं पहिलं प्रकरण त्यांनीच आणून दिलं होतं, कामगारांच्या कॅन्टीनचं, आणि मी ते हरले तरी गावभर सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे.

"मला एवढंच कळत नाही," अण्णा पुढे झुकले. "प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे कंपनीचं देणं कंपनीपाशी. घराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग हा लिक्विडेटर माझ्या घराचा उतारा का मागतो?"

लिक्विडेटर म्हणजे बुडालेल्या कंपनीचं उरलंसुरलं विकून घेणेकऱ्यांना वाटण्यासाठी न्यायाधिकरणानं नेमलेला माणूस. त्याचा अर्ज माझ्यासमोर होता. बिरनाळे अॅग्रो मशिनरी हळद शिजवायचे वाफेचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम बनवायची. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना. बँकेचं खातं थकलं, कंपनी सावरणार नाही हे स्पष्ट झालं, आणि तरीही त्यापुढचे चार महिने कुकरचं बुकिंग आगाऊ रकमेसह चालूच राहिलं. कुकर कोणालाच मिळाला नाही. अर्जात म्हटलं होतं, बुडणार हे ठाऊक असून घेतलेलं हे बुकिंग. तेव्हा नुकसान दोन्ही संचालकांनी स्वतःच्या मालमत्तेतून भरावं. मालमत्ता म्हणजे सांगलवाडीतलं घर. एक व्हरांडा, दोन दारं. अर्धं अण्णांचं, अर्धं कुसुमकाकूंचं.

"ठाऊक असून, या दोन शब्दांवर सगळं आहे," मी म्हणाले. "तुम्हाला आशा होती, तुम्ही दोघांनी बसून विचार केला आणि मग ठरवलं, एवढं दाखवता आलं तर घर वाचेल."

"आशा होतीच की. निजामाबादची मोठी ऑर्डर तोंडावर आली होती. आणि विचारही केला. सभेची वही आहे."

त्यांनी पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढली. संचालकांच्या सभांची इतिवृत्तं. चौदा सप्टेंबरची सभा त्यांनी बोटानं दाखवली, मी ती वाचून दाखवली. सकाळी अकरा वाजता, कंपनीच्या कुपवाडच्या कार्यालयात. हजर: भूपाल बिरनाळे, कुसुमावती बिरनाळे. निजामाबादच्या ऑर्डरवर चर्चा. ती आल्यास सर्व कुकर वेळेत देता येतील असं मत पडलं. बुकिंग चालू ठेवावं, एकमतानं मंजूर. खाली दोन सह्या.

"हे पान म्हणजे आपला बचाव," मी म्हणाले.

कुसुमकाकू खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहत होत्या. जाताना त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवसांत द्यायचं असतं उत्तर?"

"आठ."

"आठ," त्या म्हणाल्या आणि अण्णांच्या मागून जिना उतरल्या.

शपथपत्र लिहायला मी तिसऱ्या दिवशी दुपारी बसले. सभेची तारीख मी तीनदा टाइप केली होती. चौथ्यांदा टाइप करताना हात थांबला.

मी रोज सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेतलं की त्या दिवसाचा एक नियम घेते. आज गोड नाही, आज दोनच पदार्थ, आज दुपारपर्यंत मौन, असं काही. आईनं लावलेली सवय आहे. नियम एका वहीत लिहिते, तिथीसकट. सप्टेंबरचे दिवस डोळ्यांसमोर आणताना मला महिना आठवत नाही, भाद्रपद आठवतो. मी कपाटातून अडीच वर्षांपूर्वीची वही काढली.

चौदा सप्टेंबर, भाद्रपद शुद्ध पंचमी. दशलक्षण पर्व, पहिला दिवस. उपवास.

जैनांच्या घरात या दहा दिवसांत दुकानंसुद्धा अर्धा दिवस बंद असतात. पहिल्या दिवशी सकाळी अकराला अभिषेक आटोपून मंडळी शास्त्र ऐकायला बसलेली असतात. बिरनाळ्यांच्या घरातली दोन माणसं त्या वेळी कुपवाडात टेबलाशी बसून निजामाबादच्या ऑर्डरवर मत देत होती, हे मला दिसेना. अण्णा तर त्या दहा दिवसांत बँकेच्या मॅनेजरलाही "पर्व झाल्यावर" असं सांगायचे. मी स्वतः ऐकलं होतं.

मी पानं उलटली. आधीच्या वर्षीच्या सभा. शाई एकच, अक्षर एकच, आणि चारही सभांखाली कुसुमकाकूंची सही एकाच तिरकेपणानं, एका बैठकीत केल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी अण्णांना एकट्यांना बोलावलं. वही त्यांच्यासमोर ठेवली आणि माझीही ठेवली.

त्यांनी चष्मा लावून तिथी वाचली. मग चष्मा काढला.

"गोडबोले," ते म्हणाले. "आमचे हिशेबनीस. मार्चअखेरीला एका दुपारी बसायचे आणि वर्षाच्या चारही सभा लिहून काढायचे. तारीख घालताना कॅलेंडर बघायचे. रविवार टाळायचा, छापील सुट्टी टाळायची. त्यांच्या कॅलेंडरवर पंचमीला ऋषिपंचमी लिहिलेलं असणार. त्यांना काय माहीत आमचं पर्व."

"म्हणजे सभा झालीच नाही."

"अशा सभा कोणाकडे होतात, पोरी? सगळ्या घरच्या कंपन्या अशाच लिहितात. नवरा-बायको संचालक असतात, तर सभा काय स्वयंपाकघरात होते?"

"आणि काकू?"

"तिच्याकडे वही पाठवायचो. सही करून यायची. दुसरा संचालक हजर नसला तर सभाच भरत नाही, म्हणून तिला हजर दाखवायचं. दरवेळी दाखवलंय, याच वेळी नाही."

"अण्णा, ही वही मला शपथपत्राला जोडता येणार नाही."

"का? बघितलं कोणी?"

"मी बघितलं."

ते हळू म्हणाले, "चर्चा माझ्या डोक्यात झाली होती, राजमती. रोज झाली होती. अंघोळ करताना, जेवताना. निजामाबादला मी सोळा वेळा फोन केला असेल. ते खोटं नाही. फक्त ते कागदावर आणायला दुसरा माणूस लागतो असं कायदा म्हणतो, तर मी काय करू?"

"मला दोन दिवस द्या," मी म्हणाले. आणि लगेच मला वाटलं, हे दोन दिवस मी त्यांना देत नाही, स्वतःला घेते आहे.

त्या दिवसांत माझं सामायिक लागेना. रोज सकाळ-संध्याकाळ अठ्ठेचाळीस मिनिटं मांडी घालून स्थिर बसायचं, एवढंच त्यात असतं. माझी मांडी स्थिर होती आणि डोकं कुपवाड ते सांगलवाडी येरझाऱ्या घालत होतं. माळेचे मणी मोजताना मी शपथपत्राचे परिच्छेद मोजत होते. तिसरा अण्णांचा, चौथा दोघांचा, पाचवा काकूंचा. पाचव्याशी आले की मन तिथेच घोटाळायचं. कारण मला एक वाट दिसली होती. सभा झाली नाही, काकू हजर नव्हत्या, सही मागाहून आली; हे सगळं खरं होतं. आणि या खऱ्यावर एकट्या काकू सुटत होत्या. घराचा निम्मा भाग सुटत होता. अण्णा मात्र पुरते अडकत होते, खोट्या वहीसह.

शेवटी मी सोहनीसाहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"किती दिवस झाले तुला कळून?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मग दोन दिवस उशीर झालाय. दोघांचेही कागद परत कर. एकाचं गुपित कळल्यावर दुसऱ्याची बाजू घेता येत नाही."

"पण काकूंची बाजू खरी आहे, साहेब. त्या सुटू शकतात."

"सुटू देत. दुसरा वकील सोडवेल."

"हो," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आयर्विन पूल ओलांडून सांगलवाडीला गेले. परत करायचे कागद बॅगेत घेतले होते. काकूंच्या एकटीच्या शपथपत्राचा मसुदाही घेतला होता, रात्रीच तयार करून ठेवलेला.

काकू व्हरांड्यात गहू निवडत होत्या. सुपातला एक-एक दाणा पुढं ढकलत, किडा दिसला तर बोटावर घेऊन कडेच्या कुंडीत सोडत. अण्णांच्या बाजूचं दार लोटलेलं होतं.

"जय जिनेंद्र. बसा की, वकीलताई. आज इकडं वाट कशी वाकडी केली?"

त्यांनी गाळलेलं कोमट पाणी दिलं. ताटलीत चुरमुऱ्यांचा चिवडा आणला.

"नको. आज मीठ वर्ज्य आहे माझं."

"मग शेंगदाणे घ्या, गूळ देते." त्या पुन्हा गव्हाशी बसल्या. "मी काही रोजचा नियम घेत नाही. चातुर्मासात मात्र घेते. यंदा नववं वर्ष. आषाढी चतुर्दशी ते दिवाळी, पूल ओलांडायचा नाही."

"पूल?"

"आयर्विन. सांगलीत पाय टाकायचा नाही. महाराजांनी दिला होता नियम, हिंडणं आवरायचा. शीतल गेले त्याच्या पुढच्या वर्षी. डॉक्टरकडं जायचं झालं तरी याच काठाचा."

माझ्या हातातला पाण्याचा गडू तसाच राहिला. कुपवाड पलीकडच्या काठाला. म्हणजे तिथीची गोष्ट एकट्या माझ्या वहीत नव्हती. सगळ्या सांगलवाडीला ठाऊक होतं की चौदा सप्टेंबरला ही बाई नदीच्या पलीकडे नव्हती. बस्तीतल्या दहा बायका शपथेवर सांगतील.

"काकू," मी म्हणाले, "त्या सभेच्या कागदावर तुम्ही हजर आहात. कुपवाडला."

"मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुमच्या ऑफिसात तुम्ही वाचलंत तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सही माझीच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"अण्णा बोलत होते ना."

मी बॅगेतून मसुदा काढला. समजावून सांगितलं. त्या हजर नव्हत्या, पूल ओलांडला नव्हता, वही मागाहून घरी आली, न वाचता सही केली. मला त्यांचं वकीलपत्र सोडावंच लागेल, पण दुसऱ्या वकिलाकडे हेच न्यायचं. इतकं पक्कं प्रकरण मी तोवर पाहिलं नव्हतं. "तुम्ही यातून सुटता, काकू. तुमचं घर राहतं."

त्यांनी मसुदा हातात घेतला आणि वाचायला लागल्या. रोज शास्त्राची पोथी वाचणारी बाई, ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून. चवथ्या परिच्छेदाशी बोट थांबलं.

"हे 'मला कंपनीच्या स्थितीची कोणतीही कल्पना नव्हती', हे कुणी सांगितलं?"

"ते... तसं लिहावं लागतं. हजर नसलेल्या माणसाला कशी असणार कल्पना?"

"हजर नव्हते हे खरं आहे," काकू म्हणाल्या. "माहीत नव्हतं हे खोटं आहे."

सुपातले गहू त्यांनी एका बाजूला केले.

"दुधगावच्या बचत गटातल्या बायका आल्या होत्या इथं. पर्व संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. याच व्हरांड्यात बसल्या. मालन शिंगाडे म्हणून आहे त्यांच्यात, तिला नवरा नाही, माझ्यासारखी. म्हणाली, 'वैनी, दहाजणींनी मिळून कुकर घ्यावा म्हणतोय. हंगामात दुसऱ्याच्या दारात पाळीला बसाय लागतं, हळद तशीच पडून ऱ्हाती. तुमच्या कारखान्यात पैसं भरावं का?' मी म्हटलं, भरा."

"तुम्हाला कंपनीचं ठाऊक नव्हतं तेव्हा."

"पत्रा यायचा बंद झाला होता. व्यापाऱ्यानं द्यायचं सोडलं होतं. जाऊबाई रोज सांगायच्या, आज पण गाडी आली नाही. पत्रा नाही तर कुकर कशाचा करणार? एवढं मला कळत नव्हतं होय?" त्या थांबल्या. "अण्णा करतील काहीतरी, असं वाटलं. आणि माझ्या दारात येऊन कुणी मला विचारतंय, हेही बरं वाटलं. मला कधी कुणी काही विचारत नाही."

"काकू," मी म्हणाले. आवाज नेहमीपेक्षाही लहान झाला होता. "हे तुम्हाला कोणी विचारणार नाही."

"आणि विचारलं तर?"

"नाही विचारणार. लिक्विडेटर कागदांवर चालतो. मालन शिंगाडेचं नाव यादीत एका ओळीत आहे, ती सांगलवाडीला आली होती हे त्यात नाही. तिला मुंबईचं न्यायाधिकरण कुठून माहीत असणार? तुम्ही सांगितलं नाहीत तर..."

मी तिथे थांबले. त्यांनी मला थांबवलं नव्हतं. त्या फक्त माझ्याकडे पाहत होत्या, रागानं नव्हे, एखाद्या पोरीचा परकर वर खोचायचा राहिला तर बघावं तसं. माझ्यासमोर चिवड्याची ताटली होती. मी आज मीठ सोडलं होतं.

"शेंगदाणे घ्या," काकू म्हणाल्या.

पलीकडचं दार उघडलं. अण्णा बनियन-धोतरावर उभे होते. लोटलेल्या दाराआडून सगळं ऐकू येण्याइतकाच तो व्हरांडा रुंद होता.

"राजमती, तू माझी पण वकील होतीस ना," ते म्हणाले.

मी ताटली बाजूला सरकवली.

"त्यांना नका बोलू, अण्णा," काकू म्हणाल्या. "त्या कागद परत द्यायला आल्या होत्या."

"कागद परत द्यायला आणि तुला सोडवायला. मला बुडवून." ते पायरीवर बसले. "बरोबर आहे. तुझं खरं आहे, तू सुट. मी काय म्हणू?"

"मी सुटत नाही."

"म्हणजे?"

"ऐकलंत ना आतून. मी तुमच्याविरुद्ध काही लिहीत नाही. मी माझं लिहिते. हजर नव्हते, न वाचता सही केली, आणि पत्रा येत नाही हे ठाऊक असून दुधगावच्या बायकांना भरा म्हटलं."

"तू तुझं लिहिलंस की माझं आपोआप लिहिलं जातं, कुसुम."

"हो," काकू म्हणाल्या. "ते मला टाळता येत नाही."

"आणि हे घर?"

"अर्धं तुमचं, अर्धं माझं."

"बोलायला सोपं आहे."

"सोपं नाही, अण्णा. परवापासून मी जेवण टाकलंय ते उपवास म्हणून नाही."

अण्णांनी तळहातानं चेहरा पुसला. कुंडीतल्या मातीवरून एक किडा वर चढत होता, तो पडत होता आणि पुन्हा चढत होता.

"शीतल गेला त्या वर्षी संचालकांत तुझं नाव घातलं," अण्णा म्हणाले. "दुसरा माणूस लागायचा. वाटायचं, एकदा तुला खरंच बोलवावं. गाडी पाठवावी, खुर्चीवर बसवावं, चहा मागवावा. मग वाटायचं, काय विचारणार हिला. वही पाठवून द्यायचो."

"बोलावलं असतं तरी मी आले असते का, कोणास ठाऊक. मला न वाचता सही करणं बरं वाटायचं. विश्वास ठेवल्याचं पुण्य मिळतंय असं वाटायचं."

अण्णा पहिल्यांदा जरासे हसले, पण ते हसू टिकलं नाही. मी बॅगेतून वकीलपत्र काढलं आणि दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवलं. मी सांगितलं, मी आता कोणाचीच वकील राहू शकत नाही. कोल्हापुरातल्या एकांचं आणि मिरजेतल्या एकांचं नाव कागदावर लिहून दिलं, कोणी कोणाकडे जावं तेही सांगितलं. मुदत वाढवून मागायचा अर्ज तेवढा मी करते, म्हटलं. त्यात कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

"एक वकील होती ती गेली," अण्णा उठत म्हणाले, "आता दोन घ्यायचे. बुडालेल्या कंपनीला परवडतंय होय हे?"

आत जाताना त्यांनी दार लावलं नाही.

निकाल पुढे पावणेदोन वर्षांनी लागला. मी तो बातमीसारखा वाचला, एखाद्या परक्या खटल्याचा. अण्णांची वही खोटी ठरली. त्यांच्या वकिलानं ती जोडलीच नव्हती, पण लिक्विडेटरनं मागून घेतली. सभा घेतली नाही आणि घेतल्याचं दाखवलं, यासाठी त्यांच्यावर कडक शब्द होते. काकूंबद्दल चार ओळी होत्या. त्यांनी स्वतः होऊन सांगितलेलं बुकिंग त्यांच्या नावावर धरलं, बाकीच्यातून वगळलं. घर विकावं लागलं. काकूंच्या वाट्यात थोडं उरलं, त्यात त्यांनी बस्तीच्या मागे दोन खोल्या घेतल्या. अण्णा आणि त्यांच्या पत्नी मुलीकडे हुबळीला गेले. जाण्याआधी दोघं त्या दोन खोल्यांत येऊन जेवून गेले, असं मी ऐकलं. मला मात्र त्यांनी पुढे कधी "पोरी" म्हटलं नाही. भेटले की "वकीलबाई" म्हणत, फार आदरानं.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी मी पायरीवरून उठले तेव्हा ऊन व्हरांड्याच्या मध्यापर्यंत आलं होतं.

काकूंनी सूप उचलून आत नेलं, हात धुतले. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चपला घातल्या होत्या आणि काखेत कापडी पिशवी होती. पिशवीत पाण्याची बाटली एवढंच दिसत होतं.

"दुधगावची एसटी साडेदहाला फाट्यावर येते ना?" त्यांनी विचारलं.

"पावणेअकराला."

"मालनला मी तेव्हा एक म्हटलं होतं. तिनं विचारलं, 'कुकर नाही आला तर?' मी म्हटलं, नाही आला तर मी स्वतः तुझ्या दारात येऊन सांगेन, दुसऱ्याकडनं कळायचं नाही तुला." त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला. "अडीच वर्षं झाली. मागल्या साली समडोळीचं लग्न होतं, तिथंसुद्धा गेले नाही. वाटेत दुधगावच्या बायका भेटतील म्हणून."

"काय सांगणार तिला?"

"पत्रा नव्हता, आणि मला ठाऊक होतं."

"ती बोलेल तुम्हाला, काकू. चार बायका जमतील."

"जमू देत."

"मी येऊ बरोबर?"

त्यांनी क्षणभर विचार केला असावा. मग नकारार्थी मान हलवली. "तुम्ही आलात तर ती मला बोलायची नाही. वकील बघून गप्प बसेल."

व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून त्या फाट्याच्या वाटेला लागल्या. आडोशाला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं निघालात, वैनी, उन्हाचं?" त्यांनी चालता चालताच उत्तर दिलं, "दुधगावला," आणि पावलं जराशी भरभर टाकली, एसटी चुकू नये म्हणून.